ज्याचं फोल्डर त्याच्यापुरतं : सर्व्हरवर प्रत्येक शाळेला तिच्या हद्दीत ठेवण्याचा पाठ



आजचा पाठ थोडा तांत्रिक आहे. पण ज्याला पत्ता लिहिता येतो आणि चार, दोन, एक यांची बेरीज करता येते, त्याला तो नक्की समजेल. मी स्वतः प्राथमिक शिक्षिका आहे, डीएड केलेली. संगणकाची पदवी माझ्याकडे नाही. तरीही हा विषय आपल्यासारख्यांनीच समजून घ्यायला हवा असं मला वाटतं, त्याचं कारण आधी सांगते.

आपल्या शाळेतलं जनरल रजिस्टर कुठे असतं? मुख्याध्यापकांच्या कपाटात, कुलपात. त्यात मुलाची जन्मतारीख, आईचं नाव, जात, आधीची शाळा असं सगळं असतं. ते कोणी मागितलं तर आपण दहा प्रश्न विचारतो. आता त्याच रजिस्टरच्या पानांचा स्कॅन, शिष्यवृत्तीच्या मुलांचे बँक खाते क्रमांक, दिव्यांग मुलांची यादी, आधारच्या प्रती, स्नेहसंमेलनाचे फोटो हे सगळं एखाद्या सर्व्हरवर चढवलं, की ते कपाट कुठे गेलं? अनेकदा कुठेच नाही. पासवर्ड आहे, म्हणजे कुलूप आहे, असं आपण धरून चालतो. पण ते कुलूप मुख्य दाराला असतं. आत शिरल्यावर सगळ्या खोल्या सताड उघड्या.

२०२३ साली आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि बालकांच्या माहितीची वेगळी काळजी घ्यायला सांगितलं आहे. आपल्या वर्गातलं प्रत्येक मूल त्यात येतं. म्हणून आतल्या खोल्यांना भिंती कशा घालायच्या, ते बघू.

उदाहरण घेऊ

समजा, एका केंद्रात १२ शाळा आहेत. केंद्रातल्या शिक्षकांनी मिळून एक साधा लिनक्स सर्व्हर घेतला. प्रत्येक शाळेने आपली निकालपत्रके, फोटो, माहितीचे तक्ते त्यावर टाकायचे आणि केंद्राने ते एकत्र करायचे. फाईल पाठवण्यासाठी प्रत्येक शाळेला एक खातं दिलं : शाळा१, शाळा२ असं शाळा१२ पर्यंत.

(काही ठिकाणी तेवढंही करत नाहीत. एका प्रशिक्षणात आम्हा सर्वांना एकच नाव आणि एकच पासवर्ड फळ्यावर लिहून दिला होता. दुपारपर्यंत तिघांनी 'अहवाल' याच नावाची फाईल टाकली. शेवटची तेवढी उरली, आधीच्या दोन गेल्या. कोणी पुसल्या हे शोधायला मार्गच नव्हता, कारण सर्व्हरच्या दृष्टीने तिथे एकच माणूस होता. तेव्हा पहिला नियम : प्रत्येकाला स्वतंत्र खातं. याच्याशिवाय पुढचं काहीही करता येत नाही.)

फाईल पाठवायची जुनी पद्धत म्हणजे एफटीपी. तिचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिला. अलाहाबादला जन्मलेले, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये होते. मुलांना सांगण्यासारखी गोष्ट आहे ही. पण त्या काळी जाळ्यावर मोजक्या संस्थांचे संगणक होते आणि वापरणारे बहुतेक ओळखीतले. त्यामुळे साध्या एफटीपीत पासवर्ड उघडाच जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. आज आपण एसएफटीपी वापरावं. नाव मिळतंजुळतं असलं तरी ही वेगळी पद्धत आहे. ती एसएसएच या सुरक्षित जोडणीतून चालते आणि पासवर्डासकट सगळं पाकिटात बंद होऊन जातं. लिनक्स सर्व्हरवर हे काम सहसा ओपन-एसएसएच नावाचा मोफत प्रोग्राम करतो. पुढचं सगळं त्याच्याविषयी आहे.

सुरुवातीची जागा म्हणजे हद्द नव्हे

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. शाळा१ च्या बाईंनी फाईलझिला किंवा विनएससीपी उघडलं, नाव-पासवर्ड टाकला, आणि समोर शाळा१ चं फोल्डर आलं. वाटतं, झालं काम, प्रत्येकाला आपापलं फोल्डर दिसतंय. पण वर, यादीच्या अगदी सुरुवातीला, दोन टिंबांची एक ओळ असते. तिच्यावर दोनदा क्लिक करा. एक पायरी वर जाल. पुन्हा करा, आणखी वर. असं करत सर्व्हरच्या मुळापर्यंत पोहोचता येतं आणि तिथून वाटेल त्या फांदीवर उतरता येतं. खात्याला दिलेलं फोल्डर ही फक्त बसायची जागा होती. वर्गात मुलाला तिसऱ्या बाकावर बसवलं म्हणून त्याला दाराबाहेर जाता येत नाही, असं थोडंच आहे?

मग काय काय दिसतं? इतर शाळांची फोल्डरं दिसतात, आणि परवानग्या सैल असतील तर आतल्या फाईलीही उतरवून घेता येतात. सर्व्हरवरच्या सगळ्या खातेदारांची यादी एका फाईलमध्ये असते, ती तर जवळपास प्रत्येक लिनक्सवर कोणालाही वाचता येते. त्यात पासवर्ड नसतात, पण नावं असतात. कोणाची नावं आहेत हे कळलं की पासवर्डचा अंदाज बांधणाऱ्याचं अर्धं काम झालं. शाळांच्या खात्यांचे पासवर्ड कसे असतात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पत्ता उलटा वाचा

भिंत कशी घालतात ते समजायला आधी संगणकातला पत्ता समजून घेऊ. आपण पत्रावर पत्ता लिहितो तेव्हा माणसापासून सुरू करतो : नाव, वाडी, गाव, तालुका, जिल्हा. संगणक उलट लिहितो. आधी सगळ्यांत मोठं, मग त्याच्या आतलं, मग त्याच्याही आतलं. मध्ये तिरकी रेघ. म्हणजे असं :

/शाळा/शाळा१/आवक

सगळ्यांत पहिली जी नुसती तिरकी रेघ आहे, ती म्हणजे मूळ. इंग्रजीत रूट. तिच्या वर काहीच नाही. मुळाशी उभं राहून 'एक पायरी वर जा' म्हटलं तर संगणक तुम्हाला पुन्हा मुळाशीच ठेवतो. (परिसर अभ्यासाच्या तासाला गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश, पृथ्वी करत गेलं की एखादं पोर विचारतंच, 'पृथ्वीच्या वर काय?' संगणकाचं उत्तर सोपं आहे : पृथ्वीच्या वर पृथ्वीच.)

आता भिंत घालायची युक्ती पाहा. शाळा१ चं खातं आत आलं की सर्व्हर त्याच्यापुरतं मूळच बदलून टाकतो. /शाळा/शाळा१ हे फोल्डर त्या खात्यासाठी नुसती तिरकी रेघ होतं. दोन टिंबांवर कितीही क्लिक करा, तिथेच राहणार, कारण त्याच्या जगात त्याच्या वर काही उरलेलंच नाही. शाळा२ त्याला 'परवानगी नाही' अशी दिसत नाही. ती त्याच्या नकाशावरच नसते. या युक्तीला सीएच-रूट म्हणतात, म्हणजे 'मूळ बदला'. युनिक्समध्ये ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस आली. ओपन-एसएसएचमध्ये मात्र फाईल पाठवणाऱ्यांसाठी ही सोय २००८ साली आली. त्याआधीही लोक हे करत, पण त्यासाठी प्रत्येक कैद्याच्या खोलीत लागणारे प्रोग्राम आणि त्यांचे सुटे भाग नेऊन ठेवावे लागत. आता फाईल देण्याघेण्याचं काम करणारा भाग प्रोग्रामच्या पोटातच आहे. त्याचं नाव इंटर्नल-एसएफटीपी. त्यामुळे खोली रिकामी असली तरी चालते.

परवानगीची बेरीज

आता चार, दोन, एक. लिनक्समध्ये प्रत्येक फोल्डरवर तीन जणांसाठी परवानग्या लिहिलेल्या असतात : मालक, गट आणि बाकी सगळे. परवानग्याही तीनच. वाचणे म्हणजे ४, लिहिणे म्हणजे २, आत शिरणे म्हणजे १. सगळं द्यायचं तर ४ + २ + १ = ७. वाचणं आणि शिरणं एवढंच द्यायचं तर ५. काहीच नाही तर ०. तीन जणांचे तीन अंक शेजारी लिहायचे. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, गटाला आणि बाकीच्यांना वाचणं-शिरणं. ७५० म्हणजे बाकीच्यांना दार बंद.

४, २, १ हेच आकडे का घेतले? यांतले कोणतेही मिळवा, प्रत्येक वेळी वेगळीच बेरीज येते. उत्तरावरून कोणते आकडे मिळवले ते नेमकं सांगता येतं. १, २, ३ घेतले असते तर बेरीज ३ आल्यावर गोंधळ झाला असता : नुसता ३, की १ आणि २? चौथीच्या वर्गात हा खेळ घेऊन पाहा, मुलं रंगून जातात.

फोल्डरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. एखादी फाईल पुसता येईल की नाही, हे त्या फाईलच्या परवानगीवर ठरत नाही. ती ज्या फोल्डरमध्ये आहे, त्या फोल्डरवर लिहायची परवानगी आहे का, यावर ते ठरतं. कारण पुसणं म्हणजे फोल्डरच्या यादीतून नाव काढणं. हजेरीपटावर लिहायचा अधिकार असला की नाव घालताही येतं आणि खोडताही येतं, तसंच. म्हणून 'फाईल तर दुसऱ्याची आहे, मी कशी पुसीन' हा भरवसा सामायिक फोल्डरमध्ये कामाचा नाही.

ज्याची खोली, तो तिचा मालक नाही

आता या पाठातला सगळ्यांत अवघड भाग. इथेच लोक दोन-दोन दिवस अडकतात.

साहजिकच आपल्याला वाटतं, /शाळा/शाळा१ हे फोल्डर शाळा१ साठी केलंय, तर त्याची मालकी शाळा१ ला द्यावी. ती दिली की ओपन-एसएसएच दारच उघडत नाही. पासवर्ड बरोबर असतो, जोडणी लागते आणि त्याच क्षणी तुटते. बाईंच्या पडद्यावर फक्त 'जोडणी बंद झाली' एवढंच येतं. मग पासवर्ड तीनदा बदलून होतो, नेट वाईट आहे म्हणून होतं, आणि शेवटी कोणीतरी जाणकार सल्ला देतो : '७७७ देऊन टाका.' म्हणजे सगळ्यांना सगळं. ते दिल्यावरही दार उघडत नाही. उघडणारच नाही, कारण तक्रार नेमकी त्याचीच आहे.

नियम असा : ज्या फोल्डरला मूळ बनवायचं, ते आणि त्याच्या वरच्या पत्त्यातलं प्रत्येक फोल्डर हे सर्व्हरच्या मुख्य प्रशासकाच्या, म्हणजे रूट खात्याच्या मालकीचं असलं पाहिजे, आणि त्यावर दुसऱ्या कोणालाही, गटालासुद्धा, लिहायची परवानगी नसली पाहिजे. ७५५ चालतं. ७७५ चालत नाही. ७७७ तर नाहीच नाही. (इथे एका शब्दाने घोळ होतो. फोल्डरांच्या झाडाचं मूळ तेही रूट आणि प्रशासकाचं खातं तेही रूट. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नाव एक.)

हा नियम उगाच छळायला केलेला नाही. सर्व्हरवरचे प्रोग्राम काही ठराविक पत्त्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. खातेदारांची यादी कुठे, नियमांची फाईल कुठे, प्रोग्रामचे सुटे भाग कुठे, हे सगळं मुळापासून मोजलेल्या ठरलेल्या पत्त्यावर असतं. आता मूळच बदललं, आणि नव्या मुळात लिहायची मुभा त्या खातेदारालाच असली, तर तो तिथे स्वतःच त्या नावाचं फोल्डर करून खोटी यादी ठेवू शकतो. मोठ्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्राम त्या खोलीत आला, तर तो ती खोटी यादीच खरी मानेल. परीक्षेच्या हॉलमध्ये विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेवर हवं ते लिहावं. पण हॉलच्या दारावरची आसनक्रमांकांची यादी त्याच्याच हातात दिली तर पर्यवेक्षक काय तपासणार?

वरच्या फोल्डरांसाठीही हाच नियम का? कारण वरच्या फोल्डरवर लिहिता येणाऱ्याला खालच्याचं नाव बदलून त्या जागी दुसरंच फोल्डर ठेवता येतं. मघाशी हजेरीपटाचं सांगितलं ना, तेच.

मग शाळेने फाईली ठेवायच्या कुठे? त्या खोलीत एक कपाट करायचं. /शाळा/शाळा१ हे रूटच्या मालकीचं, ७५५. त्याच्या आत 'आवक' नावाचं फोल्डर, ते मात्र शाळा१ च्या मालकीचं. बाई आत आल्या की त्यांना एकच 'आवक' दिसेल. त्याच्या बाहेर त्यांना काही ठेवता येणार नाही, आत हवं ते. पहिल्या दिवशी दोन-तीन फोन येतील, 'फाईल चढत नाहीये हो.' त्यांना सांगायचं, आधी 'आवक' उघडा, मग चढवा.

प्रत्यक्ष काय लिहायचं

ओपन-एसएसएचच्या सर्व्हरची एक नियमांची फाईल असते. तिच्यात अगदी शेवटी चार-पाच ओळी लिहायच्या. शब्द अर्थात इंग्रजी अक्षरांत लिहायचे. मी इथे उच्चार देते, म्हणजे ज्यांच्याकडून हे काम करून घ्याल त्यांच्याशी बोलता येईल.

पहिली ओळ 'मॅच ग्रुप' आणि पुढे गटाचं नाव. आपण बाराही खाती 'शाळागट' या गटात घातली आहेत असं धरू. पुढचे नियम फक्त या गटाला लागू. दुसरी ओळ 'सीएच-रूट डिरेक्टरी', पुढे पत्ता. इथे बारा वेळा बारा पत्ते लिहायची गरज नाही. /शाळा/ लिहून पुढे टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून यू हे अक्षर लिहिलं, की त्या जागी आत येणाऱ्याचं नाव आपोआप बसतं. तिसरी ओळ 'फोर्स कमांड इंटर्नल-एसएफटीपी'. म्हणजे हे खातं आत आलं की फक्त फाईल देणं-घेणंच होणार, आज्ञा टाईप करायची काळी खिडकी मिळणार नाही. चौथी ओळ 'अलाऊ टीसीपी फॉरवर्डिंग नो'. ही लोक विसरतात. एसएसएचमधून फाईलींखेरीज जाळ्याची वाहतूकही वळवता येते आणि मुळात ती मुभा चालू असते. आपण खोलीला भिंत घातली, पण या मुभेने खातेदार सर्व्हरच्या आडून दुसऱ्या यंत्रांशी बोलू शकतो. ती बंदच करावी. 'एक्स-११ फॉरवर्डिंग' हीसुद्धा सोबत बंद करावी.

हे शेवटी का लिहायचं? 'मॅच' ही ओळ आली की पुढच्या सगळ्या ओळी तिच्याच होतात, दुसरी 'मॅच' येईपर्यंत किंवा फाईल संपेपर्यंत. मध्येच लिहिलं तर सर्वांसाठी असलेले खालचे नियम फक्त शाळांपुरते होऊन बसतील.

बदल केल्यावर लगेच सर्व्हर पुन्हा सुरू करू नका. आधी फाईल बरोबर आहे का ते तपासायची एक आज्ञा असते, ती चालवा. आणि स्वतःची एक चालू जोडणी उघडी ठेवा. नियमांत चूक निघाली तर नवीन कोणी आत येऊ शकणार नाही, पण उघडी जोडणी सहसा टिकते आणि तिच्यातून चूक दुरुस्त करता येते.

आता केंद्राचं काय? केंद्राला बाराही शाळांच्या फाईली वाचायच्या आहेत, पण पुसायच्या नाहीत. त्यासाठी वेगळं खातं, 'केंद्रगट' हा वेगळा गट, आणि त्याचं मूळ थोडं वर : /शाळा. तिथून बारा फोल्डरं दिसतात. प्रत्येक 'आवक'चा मालक ती ती शाळा, गट मात्र केंद्रगट, आणि परवानगी २७५०. पुढच्या ७, ५, ० चा अर्थ आता तुम्हाला लावता येईल. सुरुवातीचा २ हा की आत येणाऱ्या प्रत्येक नव्या फाईलला गट आपोआप केंद्रगट मिळतो. तो नसेल तर फाईलवर शाळेचाच गट लागतो आणि केंद्राचा हक्क दर वेळी नव्याने लावत बसावं लागतं.

एक अडचण हमखास येते. एखादं परिपत्रक बाराही शाळांना वाचायला द्यायचंय. प्रत्येक खोलीत एक शॉर्टकट ठेवू, असं सुचतं. तो चालत नाही. शॉर्टकट म्हणजे पत्ताच, आणि पत्ता मोजायचं मूळच बदललेलं आहे. खोलीच्या आतून तो कुठेच जात नाही. त्यासाठी खरं फोल्डरच प्रत्येक खोलीत दिसेल असं जोडावं लागतं, त्याला बाइंड माउंट म्हणतात, आणि ते फक्त वाचण्यापुरतं जोडावं.

वेबसाईटवाल्या शाळांसाठी

स्वतःचा सर्व्हर नाही, पण शाळेची वेबसाईट आहे, असं पुष्कळ ठिकाणी असतं. तिथे होस्टिंगच्या पॅनेलमध्ये नवीन एफटीपी खातं करताना 'डिरेक्टरी' असा एक चौकोन येतो. घाईत तो तसाच सोडू नका. तिथे जे लिहिलं असेल ती त्या खात्याची हद्द. त्यात 'पब्लिक एचटीएमएल' या नावाचा पत्ता असला तर थांबा. त्या फोल्डरमधलं सगळं वेबसाईटचा भाग असतं, पत्ता कळला की जगातल्या कोणालाही ब्राउझरमध्ये उघडता येतं. फलकलेखनाचे फोटो तिथे ठीक. मुलांची यादी तिथे नको. विंडोजवर फाईलझिला सर्व्हर वापरत असाल तर त्यातही प्रत्येक खात्याला कोणतं फोल्डर मूळ म्हणून दिसावं हे ठरवता येतं. पद्धत वेगळी, विचार तोच.

भिंत काय करत नाही

सीएच-रूट केलं म्हणजे सगळं सुरक्षित झालं, असं कोणी सांगितलं तर मानू नका. शाळा१ ने पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकला तर शाळा१ ची खोली उघडीच. एका शाळेने स्नेहसंमेलनाचे तासातासाचे व्हिडिओ चढवून डिस्क भरली तर बाकीच्या अकरा जणांची कामं अडतात. त्यासाठी प्रत्येक खात्याला जागेची मर्यादा वेगळी घालावी लागते. आणि केंद्राने फाईल उतरवून पेनड्राईव्हवर घेतली की त्या प्रतीवर सर्व्हरचा काहीच अंमल नाही. पासवर्डऐवजी किल्लीची फाईल वापरणं जास्त चांगलं, पण शाळेतला एकच संगणक सगळे वापरत असतील तर ती किल्लीही सगळ्यांचीच होते, हेही खरं.

पालकांनी यात काय करायचं? मुलाची कागदपत्रं 'ऑनलाईन पाठवली' असं शाळेने सांगितलं, तर शांतपणे विचारा : ती जिथे ठेवली आहेत तिथे दुसऱ्या शाळेच्या माणसाला दिसतात का, आणि काम झाल्यावर कोण पुसणार? शिक्षकांना याचा राग यायचं कारण नाही. मला कोणी विचारलं तर बरंच वाटेल, कारण मग वर बोलायला मला आधार मिळतो.

तपासणी

काम झालं असं कोणी म्हटलं की लगेच सही करू नका. शाळा१ च्या खात्याने स्वतः आत जा. दोन टिंबांवर दहादा क्लिक करा. जागेवरच राहिलात का? 'आवक'च्या बाहेर एक फाईल टाकून पाहा. नकार आला पाहिजे. 'आवक'मध्ये टाका, गेली पाहिजे. मग तीच फाईल केंद्राच्या खात्यातून उघडा, आणि पुसूनही पाहा. उघडली पाहिजे, पुसली जाता कामा नये. ज्यांना जमतं त्यांनी साध्या एसएसएचने शाळा१ म्हणून आत जायचा प्रयत्न करावा. 'ही सेवा फक्त एसएफटीपीसाठी आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश देऊन सर्व्हरने बाहेर काढलं पाहिजे. आणि आत जाताच जोडणी तुटली तर पासवर्ड बदलत बसू नका. सर्व्हरवरच्या लॉगमध्ये 'मालकी किंवा परवानगी चुकीची' अशा अर्थाची ओळ शोधा. त्यात फोल्डरचा पत्ताही दिलेला असतो.

ही तपासणी एका खात्यावर करून थांबू नका, बाराही खात्यांवर करा. तासाभराचं काम आहे. आणि मे महिन्यात बदल्यांची यादी लागली की बदलून गेलेल्या शिक्षकांकडे कोणत्या शाळेचा पासवर्ड होता ते बघून तो त्याच आठवड्यात बदला. फाईली खात्याच्या नावावर असतात, माणसाच्या नाही, त्यामुळे नवीन बाई रुजू झाल्या की त्यांना त्याच 'आवक'मध्ये सगळं जसंच्या तसं मिळेल.